जुन्या शिलाई मशीनचे निदान : मळ, मांडणी आणि झीज

जुने शिलाई मशीन घरी आले की पहिला हात जातो तो टेन्शनच्या चकतीवर. टाका नीट पडत नाही, मग जरा घट्ट करून बघू; तरी नाही, मग सैल करून बघू; एवढ्याने भागले नाही तर बॉबिन केसचा बारीक स्क्रू अर्धा फेरा फिरवू. तासाभरात मशीनची मूळ मांडणी हरवते आणि दोष होता तिथेच राहतो. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक मशीनांचा अर्धा आजार हा असा घरच्या डॉक्टरकीचा असतो.

जुन्या मशीनमधले दोष तीन वर्गांत बसतात. पहिला वर्ग मळाचा. त्यात वाळून चिकटलेले तेल, कापडाची झडलेली लव, गंज आणि शटलमध्ये अडकलेले दोऱ्याचे तुकडे आले. दुसरा मांडणीचा. इथे भाग शाबूत असतात, पण जागेवर किंवा वेळेवर नसतात. सुई उलटी, दोरा चुकीच्या वाटेने, पट्टा सैल, सुईदांडा दोन मिलिमीटर वर सरकलेला. तिसरा वर्ग झिजेचा, आणि तिथे धातूच गेलेला असतो. मळ घरी निघतो. मांडणी समजून घेतली तर जमते. झिजेला मात्र नवा भाग तरी लागतो, नाही तर मशीन सोडून द्यावे लागते. यावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो : झीज तपासायची पैसे देण्याआधी, मळ काढायचा घरी आणल्यावर, आणि मांडणीला हात लावायचा सगळ्यात शेवटी. लोक नेमके याच्या उलट करतात, कारण फिरवायला सोपे स्क्रू मांडणीचेच असतात.

मशीन आले कुठून

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत दोषाचा वर्ग अंदाजाने आधीच सांगता येतो, कारण इथे जुनी मशीने साधारण तीन वाटांनी बाजारात येतात आणि प्रत्येक वाटेचा दोष ठरलेला आहे.

पहिली वाट घरांची. नौपाड्यातल्या किंवा डोंबिवली पूर्वेतल्या तीन-चार मजली जुन्या इमारती पुनर्विकासाला जातात, बिऱ्हाडे दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या जागेत हलतात, आणि आजीचे पायाचे मशीन कुणालाच न्यायचे नसते. ही बहुतेक काळी, बिडाच्या डोक्याची मशीने. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची उषा, सिंगर, मेरिट, नाही तर लुधियानात जुळवलेले एखादे डोके. ती फार चाललेली नसतात. आठवड्याला एखादे परकर-ब्लाउज, दिवाळीत पडदे, आणि मग पंधरा वर्षे गॅलरीत, वर चादर आणि चादरीवर कुंड्या. यांचा दोष जवळजवळ नेहमी मळाचा. पावसाचे तुषार ज्या बाजूने येत त्या बाजूला गंज जास्त, भिंतीकडची बाजू चकचकीत. हाही एक पुरावाच आहे. तो पाहून कोणती भोके आधी मोकळी करायची ते कळते.

दुसरी वाट कारखान्यांची. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर नाव मिळाले, आणि पुढे तिथे तयार कपड्यांचा, विशेषतः जीन्सचा, मोठा धंदा उभा राहिला. एखादा कारखाना मशीने बदलतो तेव्हा जुनी जुकी किंवा चिनी बनावटीची सिंगल-नीडल मशीने टेबलासकट आसपास विकली जातात. अशी मशीने मिनिटाला पाच हजार टाक्यांच्या घरात चालण्यासाठी बनवलेली असतात आणि रोज दहा-दहा तास चाललेली असतात. ती बाहेरून पुसून चकाचक दिसतात. दोष असतो तो झिजेचा.

तिसरी वाट पाण्याची, आणि ती विकणारा सांगत नाही. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीने बदलापूरपासून कल्याणपर्यंत जे केले ते या भागात कुणी विसरलेले नाही. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तोही याच नदीचा पट्टा. अशा वेळी तळमजल्यावरची, चाळीतली, खाडीकडच्या वस्तीतली मशीने गाळात जातात. पाणी ओसरते, मशीन पुसले जाते, तेल घातले जाते आणि ते विकले जाते. ओळखायचे कसे? लाकडी खण बाहेर काढून त्याच्या मागच्या फळीवर पाण्याची रेघ शोधावी. डोके मागे उलटवून खालच्या कोपऱ्यांत बोट फिरवावे. बोटाला रवाळ लागले तर तो गाळ. नदीच्या गाळात गारगोटीचे बारीक कण असतात आणि ते तेलात मिसळले की बुशमध्ये पॉलिश पेपरचे काम करतात. अशा मशीनचे चाक विकणाऱ्याने कौतुकाने गरागरा फिरवून दाखवले असेल, तर त्या प्रत्येक फेऱ्याला थोडा धातू गेला असे समजावे. हा मळ आहे, पण झिजेकडे निघालेला.

एक टाका पडतो कसा

निदानासाठी यंत्राचे सगळे भाग पाठ असण्याची गरज नाही. एक टाका कसा पडतो ते डोळ्यांसमोर असावे लागते. इलायस हाउ या अमेरिकन माणसाने १८४६ मध्ये ज्याचे पेटंट घेतले तो दोन दोऱ्यांचा टाका आजही तसाच आहे. सुईचा डोळा टोकाजवळ. सुई कापडातून खाली जाते, तळ गाठते आणि दोन-अडीच मिलिमीटर वर येते. त्या छोट्या चढणीत कापड वरच्या दोऱ्याला घट्ट धरून ठेवते, म्हणून दोरा सुईबरोबर वर येऊ शकत नाही आणि सुईच्या मागे त्याचा इवलासा फुगा तयार होतो. त्याच क्षणी शटलचे टोक त्या फुग्यात शिरते, दोरा ओढून बॉबिन केसच्या भोवती फिरवते, आणि वरचा लिव्हर झटक्याने तो वर ओढतो. दोन दोरे एकमेकांत अडकतात ते कापडाच्या जाडीच्या मधोमध. मग दात वर येतात, कापड पुढे ढकलतात, खाली बसतात आणि रिकामे मागे जातात. ही चार चालींची व्यवस्था अॅलन विल्सनची, १८५४ ची.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढचे सगळे विवेचन त्यांवर उभे आहे. फुगा तयार व्हायला कापड जागेवर दाबलेले असावे लागते आणि सुई नेमक्या उंचीवर असावी लागते; यातले एक जरी बिघडले तरी शटलचे टोक रिकामे जाते आणि टाका उडतो. दुसरे असे की, वरच्या दोऱ्याचा प्रत्येक तुकडा शिवणीत बसण्याआधी सुईच्या डोळ्यातून अनेकदा मागे-पुढे घासला जातो. म्हणून डोळ्याला किंवा शटलला नखाला जेमतेम जाणवेल एवढी जरी धार लागली, तरी दोरा आधी पिंजतो आणि मग तुटतो.

आपल्याकडच्या घरगुती काळ्या मशीनपैकी पुष्कळशी सिंगरच्या १५ वर्गाच्या वळणाची आहेत. याच नमुन्यावरून दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने एचए-१ हा प्रमाणित साचा ठरवला. त्यामुळे एका कंपनीची बॉबिन, बॉबिन केस किंवा शटल दुसरीला बसण्याची शक्यता बरीच असते, आणि जुने मशीन घेण्याचे हे सगळ्यात सबळ कारण आहे. या मशीनचे शटल पूर्ण फिरत नाही. अर्ध्याहून थोडे जास्त जाऊन परत येते. कारागीर त्याला हाफ शटल म्हणतात. शिंप्याच्या जड अंब्रेला मशीनचे आणि कारखान्यातल्या मशीनचे शटल पूर्ण फिरते, ते फुल शटल. हाफ शटलची खट-खट हा दोष नाही, ते येणे-जाणेच आवाजाचे आहे. फुल शटलमधून तसा आवाज आला तर मात्र थांबावे.

पैसे देण्याआधी

झिजेची परीक्षा पाच-सात मिनिटांची आहे आणि तिला हत्यार लागत नाही. विकणाऱ्यासमोर करायला संकोच वाटतो, पण करावी.

फेसप्लेटच्या खालून सुईदांडा दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे, पुढे-मागे हलवावा. किंचित लवचिकपणा जाणवला तर चालेल; टक-टक असा आवाज येऊन दांडा हलत असेल तर बुश गेले. मग चाक आसाच्या दिशेने आत-बाहेर ढकलून पाहावे. त्यानंतर अगदी हळू पुढे-मागे करून सुई कधी हलायला लागते ते बघावे. चाक बरेच फिरते आणि सुई जागची हलत नाही, असे असेल तर आतले सांधे सैल झालेत. शटल बाहेर काढून त्याचे टोक नखावर टेकवावे. ते अणकुचीदार हवे. बोथट, मोडके किंवा पॉलिश पेपरने घासून 'नीट' केलेले टोक फुगा पकडत नाही. शटलवर नायलॉनच्या मोज्याचा तुकडा ओढून बघावा. धागा अडकला तर तिथे खरचट आहे. सुई ज्या पट्टीतून खाली जाते त्या पट्टीच्या भोकाभोवती सुईने मारलेल्या खुणा असतील तर मशीन कधीतरी जाड कापडावर जबरदस्तीने चालवले गेले आहे, असा अर्थ काढावा. दातांवरून बोटाचे पेर फिरवले की त्यांची धार कळते. गुळगुळीत दात कापड पुढे नेत नाहीत.

कारखान्यातल्या मशीनला आणखी एक परीक्षा असते. त्याच्या पोटात तेलाचे तबक असते. डोके वर करून ते तेल पांढऱ्या कागदावर टिपावे. काळे असेल तर फारसे बिघडत नाही, पण उन्हात धरल्यावर त्यात चमचम दिसली तर ती मशीनच्या अंगाची चांदी आहे, आणि ती परत येत नाही.

शेवटी दोरा न घालता वहीच्या एका कागदावर शिवावे, पुढे आणि मागे. कागदावर पडलेली भोके खोटे बोलत नाहीत. सारख्या अंतरावर सरळ रेषेत असतील तर दात, फूट आणि टाका लहान-मोठा करणारा दांडा, तिघेही शाबूत. पुढे जाताना भोके जवळ आणि मागे येताना लांब, असा फरक असेल तर तो मांडणीचा, घाबरण्यासारखा नाही. एका ओळीतच भोके कधी जवळ, कधी लांब पडत असतील तर दातांखालचा सांधा हलतोय.

मळ

घरी आणलेल्या मशीनची सफाई ही तपासणीचाच पुढचा भाग आहे. काय निघते, कुठून निघते आणि ते निघाल्यावर काय बदलते, यावर लक्ष ठेवले तर अर्धे निदान सफाईतच होते. म्हणून आधी मोबाइलवर फोटो काढावेत, दोरा कसा ओवला होता त्याचाही.

सुई, फूट, पट्टी, बॉबिन केस काढा. हाफ शटलच्या कडीला दोन छोटे अडसर असतात. ते बाहेरच्या बाजूला फिरवले की कडी आणि मागोमाग शटल हातात येते. त्या कडीच्या खोबणीत बहुतेक वेळा दोऱ्याचा एक तुकडा, तेलाने काळा झालेला, कडेला चिकटून बसलेला सापडतो. मशीन 'जड झालंय' या तक्रारीचे कारण कितीदा तरी एवढेच असते. दातांच्या खाली लवेचा थर दाबून-दाबून नमद्यासारखा घट्ट होतो. तो ब्रशने निघत नाही, सुईच्या टोकाने उचलून चिमट्याने ओढावा लागतो. तो निघेपर्यंत दात पूर्ण वर येत नाहीत आणि लोक दाबाचा स्क्रू आवळत राहतात.

मग तेल. इथे थोडे थांबायला हवे, कारण आपल्या भागातल्या जुन्या मशीनच्या बहुतेक व्यथा स्वयंपाकघरातून आल्या आहेत. मशीनचे तेल संपले की हाताशी असेल ते तेल घातले गेले. वनस्पती तेले हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होतात, पण सगळी सारखी नाहीत. ही प्रवृत्ती तेलाच्या आयोडीन मूल्यावरून कळते. खोबरेल तेलाचे ते दहाच्या आत-बाहेर असते, शेंगदाण्याचे नव्वदच्या आसपास, सूर्यफुलाचे एकशेवीसच्या पुढे. रंगात वापरतात त्या जवसाच्या तेलाचे पावणेदोनशेच्या आसपास, म्हणूनच ते वाळून पापुद्रा धरते. त्यामुळे ज्या मशीनमध्ये सूर्यफूल गेले तिथे पिवळट-तपकिरी, नखाने न निघणारी वॉर्निश बसते. खोबरेल तशी वॉर्निश सहसा धरत नाही. त्याचा त्रास वेगळा. ते चोवीस अंशांच्या खाली थिजते, म्हणून जानेवारीच्या पहाटे जड असलेले मशीन दुपारी हलके चालते, आणि मालकीण म्हणते, 'याला मूड आहे'. शिवाय ते लव धरून ठेवते. मशीनचे तेल खनिज असते, हलके, पाण्यासारखे पातळ, आणि ते असे घट्ट होत नाही.

वॉर्निश काढायला पूर्वी रॉकेल वापरत. कारागीर मशीनचे डोके पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवून रात्रभर रॉकेल मुरवत. आता रॉकेल सहजी मिळत नाही. रंगाच्या दुकानातले टर्पेंटाइन तेच काम करते. प्रत्येक भोकात दोन-तीन थेंब, चाक हाताने पुढे-मागे, आणि मग रात्रभर तसेच. सकाळी काळे पाणी ओघळलेले दिसते. ते पुसून पुन्हा थेंब. चाक अडते तिथे जोर करू नये. हेअर ड्रायरने त्या सांध्याला ऊब दिली की वॉर्निश सैल होते, मात्र टर्पेंटाइन पूर्ण पुसून हवा खेळती ठेवल्यावरच, कारण ते पेट घेते. हे काम गॅलरीत करावे, देवघराजवळ नाही. टर्पेंटाइनने जुन्या तेलाबरोबर होते नव्हते ते वंगणही धुऊन जाते, त्यामुळे शेवटी प्रत्येक सांध्याला मशीनच्या तेलाचा एक थेंब द्यायलाच हवा. एकच. वर भोके दिसतात त्यांना सगळे देतात. डोके मागे उलटवून खालच्या सांध्यांना देणारे कमी, आणि फेसप्लेट उघडून सुईदांड्याला देणारे त्याहून कमी. टेन्शनच्या चकत्या, पट्टा आणि बॉबिन भरायच्या रबरी चकतीला तेलाचा स्पर्शही नको.

काळ्या डोक्यावरची सोनेरी नक्षी हा वेगळा विषय आहे. तिच्यावर जुन्या पद्धतीत शेलॅकचा थर असतो आणि शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळतो. सॅनिटायझरने किंवा थिनरने पुसलेली नक्षी पुसण्याबरोबर निघून येते, सिंगरचे स्फिंक्सही आणि उषाची अक्षरेही. मशीनचेच तेल मऊ सुती फडक्यावर घेऊन हळूहळू चोळले की मळ निघतो, नक्षी राहते. गंज लागलेल्या पट्टीला बारीक पॉलिश पेपर चालतो. शटल ज्या खोबणीत फिरते तिथे तो कधीही चालवू नये.

चाकाच्या मध्यावर एक मोठा स्क्रू असतो, तो सैल केला की बॉबिन भरताना सुई थांबते. जुन्या मशीनमध्ये हे होत नाही, चाकाबरोबर सुईही हलत राहते, कारण आतली जागा गोठलेल्या तेलाने भरलेली असते. छोटा आडवा स्क्रू काढा, मोठा काढा, आतला वॉशर आणि दांडा पुसा. या वॉशरला बाहेर तीन कान असतात. बसवताना तो अर्धा फेरा उलटा बसला की छोटा स्क्रू चुकीच्या कानाला टेकतो आणि चाक सुटत नाही. मग 'चाक बिघडलं' म्हणून मशीन पुन्हा दुकानात. वॉशर काढून अर्धा फेरा फिरवून परत बसवला की काम होते.

मोटर लावलेले मशीन असेल तर सफाईआधी प्लग काढावा, आणि पुन्हा लावण्याआधी वायरची कड, पायाच्या रेग्युलेटरचा आतला भाग आणि जुना कपॅसिटर इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्यावा. बिडाच्या डोक्यात करंट उतरलेला असणे ही कल्पना नाही.

गाळात बुडालेल्या मशीनला क्रम उलटा. चाक फिरवण्याआधी धुणे. पाण्याने नाही, भरपूर टर्पेंटाइनने, वरून खाली, आणि खाली पडणारे टर्पेंटाइन रवाळ लागणे थांबेपर्यंत. तोवर एकही फेरा नको.

टाका वाचणे

आता दोरा घालायचा. वर लाल, खाली पांढरा, कापड दुहेरी मांजरपाट, सुई नवी. नव्या सुईशिवाय केलेले निदान फुकट जाते. सुई कोणत्या जातीची हेही पाहावे. घरगुती मशीनची एचए×१ सुई वरच्या टोकाला एका बाजूने चपटी असते. कारखान्याची डीबी×१ गोल, बारीक दांड्याची. कल्याणच्या दुकानात दोन्ही पाकिटे एकाच डब्यात पडलेली असतात आणि घाईत चुकीची घरी येते. ती बसते, पण टाके उडतात. साध्या सुती कापडाला १४ नंबरची, जाड कापडाला १६ ची. सुईची लांब खाच दोरा ज्या बाजूने येतो तिकडे, आणि डोळ्यावरचा खोलगट भाग शटलच्या टोकाकडे. मशीन कोणतेही असो, हा नियम बदलत नाही.

एक वीतभर शिवून कापड दोन्ही बाजूंनी पाहावे. खालच्या बाजूला लाल दोऱ्याची वेटोळी, कारागीर ज्याला 'झोल' म्हणतात, दिसली तर दहापैकी नऊ जण बॉबिन केसकडे बघतात, कारण घाण तिथे दिसते. पण ती लाल आहे. लाल दोरा वरचा. तो खाली इतका सैल लोंबतोय याचा अर्थ वर त्याला कुणी धरलेले नाही. फूट खाली असताना दोरा ओवला असेल तर चकत्या बंद असतात आणि दोरा त्यांच्या मधोमध जाण्याऐवजी वरून सरकतो. नाही तर चकत्यांच्या मधे लवेचा गोळा अडकून त्या फाकलेल्या असतात. फूट वर करून, सुती दोऱ्याला गाठ मारून ती चकत्यांमधून ओढली की गोळा बाहेर येतो. तरीही झोल राहिला तर चकतीशेजारची बारीक तार बघावी. ती तुटलेली असेल तर लिव्हर खाली येताना दोरा ढिला राहतो.

याच्या उलट, वरच्या बाजूला लाल दोरा सरळ ताणून पडला आणि पांढरा वर ओढला गेला असेल तर बॉबिन ढिली आहे किंवा वरचे टेन्शन फार आवळलेले आहे. भरलेली बॉबिन केसमध्ये घालून दोऱ्याला धरून लोंबवावी आणि हाताला हलका झटका द्यावा. केस थोडी सरकून थांबली तर बरोबर. धाडकन खाली आली तर ढिली, हललीच नाही तर घट्ट. बॉबिन केसचा स्क्रू या परीक्षेशिवाय फिरवू नये, आणि फिरवला तर घड्याळाचा काटा पाच मिनिटांत सरकतो तेवढाच. केसच्या पत्तीखाली अडकलेला लवेचा एक तंतू टेन्शन पूर्ण बदलतो. आधी तिथे कागदाची कड फिरवावी.

दोरा तुटत असेल तर तुटलेले टोक बघावे. स्वच्छ कापल्यासारखे असेल तर कुठेतरी धार आहे : सुईचा डोळा, पट्टीचे भोक, शटल. पिंजलेले, कापसासारखे असेल तर धार हलकी आहे, सुई बारीक पडतेय किंवा दोराच जुना आहे. आजीच्या खणातली रिळे मोह पाडतात, पण वीस पावसाळे पाहिलेला सुती दोरा हाताने ओढला तरी तुटतो. त्याच्यावर मशीनचे निदान करू नये.

टाका मधूनच उडत असेल तर सुई बदलून झाल्यावर कुठे उडतो ते पाहायचे. सरळ मांजरपाटावर नीट आणि जीन्सच्या जाड शिवणीवर उडत असेल, तर फूट मागे कलताना कापड वर उचलले जातेय आणि फुगा तयार होत नाही. दुमडलेला कापडाचा तुकडा फुटाच्या मागच्या टोकाखाली ठेवून बघावा. तेवढ्याने टाका बसला तर मशीनमध्ये दोष नाही. सगळीकडे, अगदी मांजरपाटावरही उडत असेल तर सुईची उंची.

मांडणी

इथवर येईपर्यंत बहुतेक घरगुती मशीने शिवायला लागलेली असतात. ज्यांचे अजून बिघडलेले आहे त्यांच्यात सुईदांडा सरकलेला असण्याची शक्यता जास्त. जाड कापडावर सुई मोडताना तो वर ढकलला जातो. तपासणी अशी. पट्टी काढावी, चाक हाताने फिरवून सुई तळाला न्यावी, मग हळू वर आणावी आणि शटलचे टोक सुईच्या मागून जाते तिथे थांबावे. त्या क्षणी टोक डोळ्याच्या वरच्या काठापेक्षा साधारण दीड मिलिमीटर वर असावे, आणि टोक व सुई यांच्यात कागद जेमतेम जाईल एवढी फट. टोक डोळ्याच्या समोर किंवा खाली जात असेल तर फेसप्लेट उघडून सुईदांडा धरणारा स्क्रू सैल करावा. त्याआधी दांड्यावर पेन्सिलने एक रेघ ओढावी, म्हणजे परत यायला रस्ता राहतो. अर्धा-अर्धा मिलिमीटर सरकवावे आणि दर वेळी एकच गोष्ट बदलावी. सुई, दोरा आणि उंची एकदम बदलली तर काय लागू पडले ते कळत नाही.

पायाच्या मशीनचा चामडी पट्टा पावसाळ्यात ओल धरून सैल पडतो आणि चाकावरून घसरतो. सेंटिमीटरभर कापून तारेची कडी पुन्हा अडकवावी. जास्त कापला तर मशीन जड होते आणि माणूस पुन्हा तेल घालत सुटतो.

फुल शटलची वेळ मात्र घरी बदलू नये. तिथले तीन स्क्रू सैल केल्यावर शटल दांड्यावर कुठेही फिरते, आणि मिनिटाला काही हजार टाक्यांच्या वेगात सुई आणि टोक एकमेकांवर आदळले तर तुकडे उडतात. जी मंडळी जीन्सच्या कारखान्यांची मशीने बघतात त्यांच्याकडे हे काम पंधरा मिनिटांचे आहे.

उरली झीज. हाफ शटल, त्याची कडी, बॉबिन केस, दात आणि पट्टी हे भाग काही शे रुपयांत मिळतात आणि बदलून काम भागते. सुईदांड्याचे बुश कारागीर बदलून देतो. वरच्या मुख्य दांड्याचे बुश गेले असेल किंवा बिडाला तडा असेल तर मात्र डोके सोडावे. बिडाला वेल्डिंग नीट धरत नाही आणि बसवले तरी दोन्ही टोकांची रेषा पुन्हा जुळत नाही. स्टँडला आजकाल मशीनपेक्षा जास्त भाव येतो, त्यावर काच टाकून कॅफेवाले टेबले करतात. डोके किलोच्या भावाने भंगारात जाते. ते देण्याआधी शटल, कडी, टेन्शनचा पूर्ण संच, चाकातला तीन कानांचा वॉशर आणि फेसप्लेटचे स्क्रू काढून एका डबीत तेलाचा हात लावून ठेवावेत. त्याच वर्गाचे पुढचे मशीन आले की यातले बरेचसे त्याला बसतात.